कलेक्टरची गाडी

डोळे निळे म्हणून त्याचं नाव कलेक्टर.
तोष्णीवाल शेठच्या धाकट्यानं पुण्याहून आणला,
मग धाकटा गेला कॅनडाला
आणि हस्की राहिला परभणीत,
जिनिंगच्या आवारात, माझ्या अब्बांच्या हवाली.
अब्बा रात्रपाळीचे वॉचमन. म्हणायचे,
बदली चुकीच्या जिल्ह्यात झाली बिचाऱ्याची.

उन्हाळाभर हौदाच्या आडोशाला
ओल्या पोत्यावर पडून असायचा.
केस इतके गळायचे की नसीम म्हणायची,
याचीबी एक गाठ बांधू, मशीनवर टाकू.
भुंकायचा नाही. चोर येवो, शेठ येवो,
नुसता बघायचा,
फाईल वाचल्यासारखा.

मी सातवीत, नाताळची सुट्टी.
विद्यापीठानं पारा साडेचार सांगितला.
नळाचं पाणी हाताला चावायलं होतं.
आणि पहाटे कलेक्टर उभा राहिला.
बसलेला, लोळलेला, धापा टाकणारा पाहिला होता;
असा उभा कधीच नाही:
कान ताठ, शेपूट पाठीवर वळलेली,
नाकातून वाफ.

गंगाधर फिटरनं चार जुन्या बेरिंगा दिल्या,
"बोटं सांभाळा" एवढंच बोलून.
फळी खोक्याची.
खाटेची नवार उसवून नसीमनं पट्टा शिवला,
छातीवरून, बगलेतून, पाठीवर गाठ.
खाटेचं अम्मीला रात्री कळलं,
बसल्यावर.

अब्बांनी गाड्याभोवती एक चक्कर मारली.
त्यांच्या अब्बांची बैलजोडी पटात पळायची.
"कासरा कुठंय?"
याला कासरा नसतो, मी म्हटलं.
धाकट्यानं मोबाइलवर दाखवलं होतं:
बर्फ, दहा कुत्री, मागं एक माणूस, हात मोकळे.
"मग वळवायचं कशानं?"
"आवाजानं."
"आन् थांबवायचं?"
ते मी नीट बघितलं नव्हतं.

फाटक उघडलं.
मी काय ओरडलो आठवत नाही,
त्यानं ऐकलंही नसावं.
डांबरावर बेरिंगांचा असा खर्राटा उठला
की चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले,
आणि एक म्हातारा नमस्कार करून मोकळा झाला.
कडेला ट्रॉल्यांमधून सांडलेला कापूस,
दवानं भिजलेला.
त्याला मी बर्फ म्हणणार नाही.
ओला कापूस शेठ घेत नाही, तेवढंच माहीत होतं.

विद्यापीठाच्या कुंपणापाशी तो स्वतःच वळला,
पाणंदीत,
जिथं रात्री कुणीतरी गव्हाला पाणी सोडून झोपलं होतं.
काळी माती बेरिंगांत भरली.
एक थांबली, दुसरी थांबली,
मग खर्राटाच थांबला.
मला वाटलं, झालं.
पण फळी पळतच होती.
चाकाशिवाय, चिखलावरून, सुळ्ळकन,
धुकं दोन्हीकडून मागं जायलं होतं
आणि आवाज फक्त त्याच्या श्वासाचा,
हाऽ हाऽ हाऽ,
आणि माझ्या दातांचा.
किती वेळ? ज्वारीचे दोन तुकडे, एक विहीर.
बास.
मी कुठं होतो ते मला सांगता येणार नाही.
परभणीतच होतो.

पुढं तो आपणहून बसला.
मान वर केली आणि एक लांब सूर काढला,
भुंकणं नव्हे, दुसरंच काही.
बांधापलीकडच्या वस्तीवरची कुत्री
एकदम गप्प झाली,
मग त्यातल्या एकानं
जमेल तसं उत्तर दिलं.

फळी डोक्यावर घेऊन चालत आलो.
अब्बांनी विचारलं, थांबला कसा?
मी म्हटलं, त्यालाच विचारा.

पाच दिवस पारा तसाच होता, रोज गेलो.
सहाव्या दिवशी ढग आले, चौदा.
त्याच दुपारी धाकट्याचा फोन आला शेठला:
इकडं थंडी फार आहे, म्हणे,
घराबाहेर पडवत नाही.
शेठ मोठ्यानं बोलत होते, कॅनडा लांब म्हणून.
कलेक्टरनं एक कान हलवला.
अब्बांनी वाळलेलं पोतं उचललं
आणि हौदात बुडवलं.